डॉ. अल्झायमर यांचे जीवन आणि वृद्धाश्रमातील स्मृतिभ्रंशाची काळजी

अल्झायमर हे नाव तुम्ही ऐकलेच असेल. वाढत्या वयात होणाऱ्या स्मृतिभ्रंशाचे (डिमेन्शियाचे) हे सर्वांत मोठे कारण. अल्झायमर हे मूळचे एका जर्मन डॉक्टरांचे आडनाव. मेंदूतील बिघाड त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, म्हणून आजाराला त्यांचे नाव मिळाले. पण त्याआधी बरीच वर्षे ते रुग्णांच्या खाटेजवळ बसत, प्रश्न विचारत आणि उत्तरे लिहून ठेवत. त्यांच्या आयुष्याचा हा भाग फारसा सांगितला जात नाही. तुमचे आई-वडील किंवा आजी-आजोबा वृद्धाश्रमात असतील, तर तुमच्या उपयोगाचा भाग तोच आहे.

नर्सिंग होम म्हटले की आपल्याकडे छोटे रुग्णालय डोळ्यांसमोर येते. या लेखात मात्र जिथे वृद्ध माणसे कायमची राहतात आणि त्यांची रोजची शुश्रूषा होते, अशा वृद्धाश्रमांचा आणि केअर सेंटरचा विचार केला आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीच्या पुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना, म्हणजे शंभरातल्या सात-आठ जणांना, स्मृतिभ्रंश आहे. सिंधुदुर्गासारख्या जिल्ह्यात मुले मुंबईला आणि म्हातारी माणसे गावाला, ही जुनीच गोष्ट. त्यामुळे हा प्रश्न पिंगुळी-कुडाळच्या घरांतलाही आहे.

शिक्षण आणि पहिली नोकरी

अलॉइस अल्झायमर यांचा जन्म १४ जून १८६४ रोजी जर्मनीतील मार्क्टब्राइट या छोट्या गावी झाला. वडील नोटरी होते. बर्लिन, वुर्झबुर्ग आणि ट्युबिंगन येथे त्यांनी वैद्यकीचे शिक्षण घेतले. १८८७ मध्ये त्यांनी डॉक्टरेटसाठी जो प्रबंध लिहिला, तो कानातला मळ तयार करणाऱ्या ग्रंथींवर होता. सूक्ष्मदर्शकाची गोडी त्यांना तेव्हापासूनच होती.

१८८८ च्या अखेरीस ते फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात रुजू झाले. तिथे एमिल सिओली हे नवे प्रमुख आले होते. त्या काळी वेड लागलेल्या माणसाला बांधून ठेवणे किंवा कोठडीत डांबणे सर्रास चालत असे. सिओली आणि अल्झायमर यांनी रुग्णांना न बांधण्याची पद्धत आणली. अस्वस्थ रुग्णाला बराच वेळ कोमट पाण्याच्या टबात बसवणे, बागेत फिरायला नेणे आणि त्याच्याशी बोलणे यांवर त्यांचा भर होता. सगळेच साधले असे नाही. झोपेची औषधे वापरली जात आणि काही रुग्णांना वेगळ्या खोलीतही ठेवावे लागे. पण आधी बोलून बघायचे आणि मग औषधाकडे वळायचे, हा क्रम तिथे रुजला.

हा क्रम आजही तोच आहे. वृद्धाश्रमातील स्मृतिभ्रंशाचा रुग्ण ओरडतो, येरझाऱ्या घालतो, अंगावर धावून जातो, तेव्हा त्याला खाटेला बांधणे किंवा गुंगीचे औषध देणे सोपे वाटते. बांधलेल्या माणसाला पाठीच्या जखमा आणि न्यूमोनिया लवकर होतात. मनोविकारावरील काही औषधांनी (अँटिसायकॉटिक) अशा वृद्धांमध्ये पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी तसा ठळक इशारा २००५ मध्येच दिला आहे. क्वचित ही औषधे लागतात, पण ती थोड्या दिवसांसाठी, कमी मात्रेत आणि डॉक्टरांनी वेळोवेळी तपासून.

ऑगस्टेबाई

१९०१ हे वर्ष अल्झायमर यांना जड गेले. फेब्रुवारीत त्यांच्या पत्नी सेसिली वारल्या. तीन लहान मुले होती. त्यांना सांभाळायला अल्झायमर यांची बहीण आली. ते स्वतः जास्तीत जास्त वेळ रुग्णालयात घालवू लागले.

त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला ऑगस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. तिचा नवरा रेल्वेत कारकून होता. काही महिन्यांपासून ती त्याच्यावर विनाकारण संशय घेत होती, स्वयंपाकात चुका करत होती, वस्तू लपवून ठेवत होती. ही लक्षणे तुम्हाला ओळखीची वाटतील. अशा वेळी घरचे लोक स्वभाव बिघडला असे समजतात आणि भांडणात वर्ष-दोन वर्षे निघून जातात.

दुसऱ्या दिवशी अल्झायमर तिच्याजवळ बसले. नाव विचारले, तर तिने ऑगस्टे असे बरोबर सांगितले. नवऱ्याचे नाव विचारले, तर तेही ऑगस्टेच सांगितले. जेवताना ताटात काय आहे विचारले, तर फ्लॉवर आणि डुकराचे मांस असताना तिने पालक सांगितला. नाव लिहायला दिले, तर पहिला शब्द लिहून ती पुढचे विसरली. आपण स्वतःलाच हरवून बसलो आहोत, अशा अर्थाचे ती बोलत असे. अल्झायमर यांनी हे सगळे, तिच्या चुकांसकट, तारखेवार लिहून ठेवले. ती कागदपत्रे पुढे हरवल्यासारखी झाली आणि १९९५ मध्ये फ्रँकफर्टलाच सापडली.

१९०३ मध्ये अल्झायमर फ्रँकफर्ट सोडून गेले आणि म्युनिकला एमिल क्रेपेलिन या नामांकित मनोविकारतज्ज्ञांकडे काम करू लागले. पण ऑगस्टेबाईंची चौकशी त्यांनी सोडली नाही. बाई हळूहळू अंथरुणाला खिळल्या. गुडघे पोटाशी घेऊन पडून राहत, मल-मूत्रावर ताबा नव्हता. ८ एप्रिल १९०६ रोजी त्या वारल्या. मृत्यूचे कारण होते शय्याव्रण, म्हणजे आपण ज्याला बेडसोर म्हणतो त्या जखमा, आणि त्यांतून रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग.

हे कारण लक्षात ठेवा. अल्झायमर आजाराच्या जगातील पहिल्या नोंदलेल्या रुग्णाचा शेवट पाठीच्या जखमेने झाला. तेव्हा प्रतिजैविके नव्हती, आजच्यासारखी हवेची गादी नव्हती. काळजी घेऊनही जखमा झाल्या. आज आपल्याकडे ही साधने आहेत. आजार बरा करणारे औषध मात्र अजून नाही. म्हणून वृद्धाश्रमात रुग्णाचे दिवस सुखाचे जातात की यातनेचे, हे बरेचसे रोजच्या शुश्रूषेवर ठरते.

शोध आणि शेवटची वर्षे

बाईंचा मेंदू म्युनिकला पाठवण्यात आला. चांदीच्या क्षारांनी रंगवलेल्या कापांत अल्झायमर यांना दोन गोष्टी दिसल्या: पेशींच्या बाहेर साचलेले थर आणि पेशींच्या आत गुंतलेले धागे. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्युबिंगनच्या परिषदेत त्यांनी हे मांडले. श्रोत्यांपैकी कोणी एक प्रश्नही विचारला नाही. १९१० मध्ये क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमर यांचे नाव दिले.

ते मोकळ्या स्वभावाचे शिक्षक होते. विद्यार्थ्याशेजारी बसून समजावताना सिगार बाजूला ठेवत आणि तिथेच विसरून पुढच्या टेबलाकडे जात, अशी त्यांची आठवण सांगितली जाते. १९१२ मध्ये त्यांना ब्रेस्लाउ येथे प्राध्यापकपद मिळाले. तिकडे जातानाच ते आजारी पडले आणि पुढे पूर्ण बरे झालेच नाहीत. १९ डिसेंबर १९१५ रोजी, वयाच्या ५१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. फ्रँकफर्टला पत्नीच्या शेजारी त्यांना पुरण्यात आले.

वृद्धाश्रमात काय पाहावे, काय सांगावे

*१. पाठ, माकडहाड, खुबे आणि टाचा रोज तपासल्या जातात का?* अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी. सावळ्या त्वचेवर लाली नीट दिसत नाही, म्हणून काळसर डाग, गरमपणा आणि कडकपणा पाहावा. अशी जागा चोळू नये. ओले कपडे लगेच बदलावेत. अंडे, मासे, डाळ असे प्रथिनांचे अन्न रोज द्यावे. भेटायला गेलात की पांघरूण सारून टाचा स्वतः पाहा. यात संकोच नको.

*२. रुग्णाची माहिती लिहून द्या.* अल्झायमर यांनी बाईंची वही ठेवली, तशी दोन पानांची वही तुम्ही करा. समजा, आजोबा पिंगुळीचे आहेत. तर लिहा: त्यांना घरी काय म्हणून हाक मारत, काम काय करत, राऊळ महाराजांच्या मठात जात का, दशावतार पाहायला रात्र जागवत का, सकाळी उकड्या तांदळाची पेज लागते की चहा, कुळथाची पिठी आवडते का, कशाची भीती वाटते. मालवणीत बोललेले त्यांना जास्त कळते का, हेही लिहा. परजिल्ह्यातून आलेल्या सेविकेला ही वही फार उपयोगी पडते. आंघोळीला नकार देणारे आजोबा ओळखीच्या हाकेने उठतात, असा अनुभव येऊ शकतो.

*३. परीक्षा घेऊ नका.* मला ओळखलंस का, आज वार कोणता, असे विचारले की रुग्ण गोंधळतो आणि चिडतो. इथे पिंगुळीच्याच चित्रकथीची पद्धत वापरून पाहा. ठाकर समाजातले कलाकार पोथीतले एकेक चित्र प्रेक्षकांसमोर धरतात आणि वीणा, हुडूक, टाळाच्या साथीने गोष्ट स्वतःच सांगतात. प्रेक्षकाला काही आठवावे लागत नाही. तसाच एक जुना फोटो हातात द्या आणि त्यातली गोष्ट तुम्हीच सांगा. रुग्णाने मध्येच एखादा शब्द जोडला तर ठीक, नुसते ऐकले तरी ठीक.

*४. आठवड्याला निदान एक तास माणसाशी माणूस म्हणून बोलणे होते का?* ब्रिटनमधील ६९ केअर होममध्ये ८०० हून अधिक रहिवाशांचा अभ्यास झाला. तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. कर्मचाऱ्यांना रहिवाशाच्या आवडीनिवडींप्रमाणे वागायला शिकवले आणि आठवड्यातून सुमारे एक तास गप्पागोष्टी वाढवल्या. रहिवाशांचे जीवनमान सुधारले आणि अस्वस्थपणा कमी झाला.

*५. कर्मचाऱ्यांना दोष देण्याआधी त्यांची संख्या विचारा.* रात्री किती रहिवाशांमागे एक सेविका असते? तिला या आजाराचे शिक्षण मिळाले आहे का? एकटी बाई वीस जणांची कूस दर दोन तासांनी बदलू शकत नाही.

डॉक्टरांना केव्हा बोलवावे?

- एक-दोन दिवसांत गोंधळ अचानक वाढला किंवा रुग्ण फार झोपाळला, तर लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, शरीरातील पाणी कमी होणे किंवा नवे औषध हे कारण असू शकते. म्हातारपण म्हणून सोडून देऊ नये.
- बसताना, उठताना किंवा अंगाला हात लावताच रुग्ण ओरडत असेल, तर दुखणे आहे असे धरून तपासणी करावी. शब्द गेलेला माणूस दुखणे वागण्यातून सांगतो. दात, बद्धकोष्ठ आणि सांधे आधी पाहावेत.
- जेवताना वारंवार ठसका लागणे, वजन घटणे, पडणे, त्वचेवर नवी जखम दिसणे.
- कधीही बांधून ठेवल्याच्या खुणा दिसणे. अशा वेळी व्यवस्थापनाशी लगेच बोला.

ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही देशभर चालणारी एल्डरलाइन हेल्पलाइन आहे. तिथे मोफत सल्ला मिळतो आणि वृद्धाची आबाळ होत असल्यास तक्रारही करता येते. पुढच्या भेटीला जाताना वहीची दोन पाने आणि एक जुना फोटो सोबत न्या. कोरडी, पूर्ण बाह्यांची एक सैल बंडी नेलीत तर तीही कामी येईल.