मादाम क्यूरी यांची युद्धसेवा

हाड मोडलेल्या रुग्णाचे क्ष-किरण-चित्र घेताना तंत्रज्ञ शिसे बसविलेल्या आडोशामागे जाऊन उभा राहतो. त्याच्या छातीवर अंगावर पडलेल्या किरणांची नोंद करणारा एक लहानसा बिल्ला असतो. कामथडीहून भोरच्या किंवा पुण्याच्या रुग्णालयात गेलेल्या मुलांनी हे पाहिलेही असेल. असा आडोसा व असा बिल्ला नव्हता, त्या काळी मादाम क्यूरी यांनी हे काम केले.

त्यांचा जन्म १८६७ साली पोलंडमधील वॉर्सा नगरीत झाला. पॅरिसमध्ये पती प्येर यांच्यासह त्यांनी १८९८ साली रेडियमचा शोध लावला. पुढे दोन वेळा नोबेल पारितोषिकाने त्यांचा गौरव झाला. रेडियमने कातडी भाजते, हे या दांपत्यास ठाऊक होते. प्येर यांनी ते स्वतःच्या दंडावर बांधून पडताळून पाहिले होते! परंतु शरीरात खोलवर सावकाश होणारी हानी तेव्हा पुरती उमगली नव्हती.

१९१४ साली महायुद्ध पेटले. क्ष-किरण-यंत्रे शहरांत आणि जखमी सैनिक रणभूमीवर, अशी स्थिती होती. अंगात रुतलेली गोळी नेमकी कोठे आहे हे कळल्यावाचून शल्यवैद्याने शस्त्र चालवावे तरी कसे? बाईंनी यंत्रच मोटारगाडीत बसविले. वीज गाडीच्या इंजिनावर चालणाऱ्या डायनामोतून मिळे. अशा सुमारे वीस गाड्या त्यांनी सिद्ध केल्या, सुमारे दीडशे स्त्रियांना हे काम शिकविले आणि स्वतः मोटार हाकण्यासही त्या शिकल्या. सतरा वर्षांची कन्या आयरीन मदतीस होती.

शल्यवैद्य पडद्यावरील छाया पाहून गोळी शोधी, तोवर यंत्र चालूच राही आणि बाई शेजारी उभ्या असत. हातमोजे व धातूचा लहानसा पडदा, एवढेच काय ते संरक्षण. क्ष-किरण प्राणघातक ठरू शकतात, हे अगदीच अज्ञात होते असे नाही. एडिसन यांचे सहायक क्लॅरेन्स डॅली १९०४ साली त्यांच्यामुळेच मृत्यू पावले होते. पण जखमींची रांग संपत नव्हती.

पुढे बाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाले. हाडांतील मगज नवे रक्त निर्माण करीनासा झाला आणि ४ जुलै १९३४ रोजी त्यांचा अंत झाला. आयरीन १९५६ साली रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या.

१९९५ साली मादाम क्यूरी यांचे अवशेष पॅरिसच्या पँथिऑनमध्ये हलविण्यात आले. तेव्हाच्या तपासणीत रेडियमचा अंश अगदी अल्प आढळला. त्यांचा घात बहुधा रेडियमने नव्हे, तर युद्धातील त्या गाड्यांमधील क्ष-किरणांनी केला असावा, असे तज्ज्ञांनी अनुमान काढले.