आरोग्याची किल्ली गावातील बाईच्या हाती : डॉ. मेबल आरोळे

बाळंतपण हा बाईचा पुनर्जन्म असतो, असे आपल्याकडे म्हटले जाते. १९७०च्या आसपास जामखेड तालुक्यात या बोलण्यात अतिशयोक्ती नव्हती. तेव्हाच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील या दुष्काळी भागात जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १७६ बालके वर्षाच्या आतच दगावत होती, अशी प्रकल्पाची १९७१ची नोंद सांगते. हे चित्र पालटण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्या डॉ. मेबल आरोळे.

मेबल यांचा जन्म १९३५ मध्ये जबलपूरचा. वडील धर्मशास्त्राचे प्राध्यापक. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये शिकत असताना त्यांची रजनीकांत आरोळे यांच्याशी ओळख झाली. १९६० मध्ये विवाहबद्ध होतानाच या दाम्पत्याने खेड्यातील गोरगरिबांची सेवा करण्याचा संकल्प सोडला. वडाळा येथील मिशन रुग्णालयात काम करताना मात्र त्यांना एक बोचरे सत्य उमगले. बरे करून घरी पाठविलेला रुग्ण त्याच आजाराने पुन्हा दारी येत होता. रोगाचे मूळ दूषित पाण्यात, अपुऱ्या अन्नात आणि अज्ञानात होते. तेथवर रुग्णालयाचे हात पोहोचत नव्हते.

अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन दोघे परतले आणि १९७० मध्ये जामखेडला समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू झाला. प्रारंभी खेडोपाडी प्रशिक्षित परिचारिका नेमण्याचा प्रयत्न झाला, पण तो फसला. परक्या गावात एकटीने राहणे त्यांना कठीण होते आणि गावकऱ्यांनाही त्या परक्याच वाटत. तेव्हा गावानेच आपल्यातील एक बाई निवडावी, असे ठरले. निवडून आलेल्या अनेकजणी निरक्षर होत्या. काही दलित, काही परित्यक्ता. पदवीधर डॉक्टरांचे ज्ञान त्यांच्या हाती सोपविणे हे त्या काळी धाडसच होते.

दर आठवड्याला या स्त्रिया जामखेडला जमत. तेथे पुस्तकापेक्षा चित्रे, गोष्टी, गाणी आणि प्रत्यक्ष कृती यांवर भर असे. गरोदरपणी पोटभर खावे, नाळ निर्जंतुक ब्लेडनेच कापावी, जुलाब झालेल्या मुलाला पाणी तोडू नये तर मीठ-साखरेचे पाणी पाजावे, अशा साध्या वाटणाऱ्या गोष्टींवर दोन जीव अवलंबून होते. शिकलेले ज्ञान गावी जाऊन इतर बायांना सांगायचे, हीच परीक्षा. ज्यांना कालपर्यंत उंबऱ्याबाहेर उभे केले जाई, त्यांना अडलेल्या बाळंतिणीसाठी घरात बोलावणे येऊ लागले. जातीची भिंत अशी आतून खचली.

१९७६ पर्यंत बालमृत्यूचे प्रमाण हजारी ५२ वर आले. जागतिक आरोग्य संघटनेने या प्रयोगाची दखल घेतली. आरोळे दाम्पत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार आणि १९९० मध्ये पद्मभूषण सन्मान लाभला. पुढे मेबल यांनी युनिसेफच्या दक्षिण आशियातील कार्यातही योगदान दिले. १९९९ मध्ये त्यांचे निधन झाले.

२००५ मध्ये देशात 'आशा' योजना आली, तिच्या पूर्वसुरींमध्ये जामखेडचे नाव आदराने घेतले जाते. वाशीम जिल्ह्यातील शेलूबाजारच्या परिसरात काय किंवा अन्यत्र काय, गरोदर मातेच्या दारी जाणारी आशा ही त्याच परंपरेतील. तिला केवळ नोंदवह्या भरणारी मदतनीस मानायचे की गावाची आरोग्यशिक्षिका, याचे उत्तर मेबल यांनी आपल्या कामातून केव्हाच देऊन ठेवले आहे. ते आचरणात आणणे मात्र अजून बाकी आहे.