फाब्र आणि त्याचे बिऱ्हाडकरू

दक्षिण फ्रान्समध्ये 1823 साली जन्मलेला झाँ आँरी फाब्र कीटकांचा थोर अभ्यासक म्हणून जगाला ठाऊक आहे. परंतु आयुष्याची कितीतरी वर्षे त्याने आम्हांसारखीच फळ्यापुढे काढली, म्हणून तो आम्हांला विशेष जवळचा वाटतो. अविन्यों येथे मुलींना शिकविताना फुलांत फलधारणा कशी होते हे त्याने मोकळेपणाने सांगितले. एवढ्यावरून सनातनी मंडळी खवळली! 1870 च्या सुमारास त्याला नोकरी सोडावी लागली, आणि घरमालकिणींनीही बिऱ्हाड हलवावयास लावले. पदरी मुलेबाळे, गाठी पैसा नाही; तेव्हा इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल याने दिलेल्या उसन्या पैशांवर त्याने ओरांज गावी संसार मांडला. ते ऋण त्याने पुढे लेखणीच्या बळावर फेडले.

1879 मध्ये सेरिन्यां येथील एक जुने घर व भोवतालची हेक्टरभर खडकाळ जमीन त्याने विकत घेतली. पन्नाशी उलटल्यावर हक्काचे छप्पर मिळाले. पण घरातून निघण्याचे दुःख भोगलेल्या या मालकाने तेथील चिमुकल्या बिऱ्हाडकरूंपैकी कोणालाही हाकलले नाही. उंबरठ्यापाशी एक गांधीलमाशी बीळ करून राहत असे. तिच्यावर पाय पडू नये म्हणून तो स्वतःच्या घरात जपून शिरे.

आपल्या कौलारू घरांत वाशांवर, कधी फोटोच्या चौकटीमागे चिखलाचे घरटे बांधणारी कुंभारीण सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्या तिकडील बहिणीचाही फाब्रने बारकाईने अभ्यास केला. ती घरट्याच्या खोलीत कोळी भरते आणि अंडे शेवटच्या नव्हे, तर पहिल्याच कोळ्यावर घालते. एकदा त्याने भिंतीवरील घरटे अलगद काढून घेतले. कुंभारीण चिखलाची गोळी घेऊन परतली, आणि घरटे नाहीसे झालेल्या त्या मोकळ्या जागेवरच लिंपण घालीत राहिली! उपजत बुद्धी किती कुशल, आणि किती आंधळी, हे त्या भिंतीने त्याला दाखविले. घर झाडूनपुसून लख्ख ठेवणाऱ्याला हे कोठून दिसणार?

मे महिन्यातील एका सकाळी त्याच्या अभ्यासिकेत मोठ्या मोर-पतंगाची मादी कोशातून बाहेर आली. त्याने तिला जाळीच्या झाकणाखाली ठेवले. रात्री नऊच्या सुमारास धाकटा पोल ओरडत धावत आला: खोली पक्ष्यांएवढ्या पतंगांनी भरली होती. स्वयंपाकघरातही तेच, तेथील बाई त्यांना वटवाघळे समजून हुसकावीत होती. काळोखातून, झाडांच्या दाटीतून सुमारे चाळीस नर त्या एका मादीसाठी आले होते. फाब्र मेणबत्ती घेऊन पाहत उभा राहिला. मादीला घट्ट बंद डबीत ठेवले की नर येत नाहीत, हे त्याने पुढे प्रयोगाने ताडून पाहिले. म्हणजे त्यांना ओढून आणणारा मादीचा गंधच असावा. रेशीमकिड्याच्या मादीतील असे गंधद्रव्य रसायनशास्त्रज्ञांनी ओळखून काढले ते 1959 मध्ये.

सेरिन्यां येथे लिहिलेल्या त्याच्या कीटक-आठवणींचा दहावा खंड 1907 मध्ये निघाला. 1915 च्या ऑक्टोबरात, एक्क्याण्णव वर्षांचा होऊन, तो त्याच घरी वारला. ते घर आता संग्रहालय झाले आहे.