ललिताबाईंचा डावा डोळा

आमच्या लोणंदला एखादी सासू खाष्ट निघाली, की गल्लीतल्या बायका तिला ललिता पवार म्हणून मोकळ्या होतात. ज्यांनी त्यांचा एकही चित्रपट धड पाहिलेला नाही, त्याही म्हणतात. मीही म्हणत असे.

मग काही वर्षांपूर्वी, ऐन थंडीत, सकाळी चूळ भरताना ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून पाणी गळू लागले. आरशात पाहिले तर अर्धा चेहरा ओघळलेला. डॉक्टरांनी चेहऱ्याच्या नसेचा लकवा असल्याचे सांगितले. बहुतेकांचा बरा होतो, असा दिलासाही दिला, आणि पुढे तो झालाही. पण तेव्हा मी रजा टाकून, पदर गालावर ओढून घरात बसले. वीस वर्षे वर्गासमोर उभी राहिलेली मी, दारातल्या भाजीवाल्याशीसुद्धा तोंड फिरवून बोलू लागले. अशाच एका रिकाम्या दुपारी टीव्हीवर ‘अनाडी’ लागला आणि ललिताबाईंचा तो बारीक डावा डोळा मी पहिल्यांदा नीट पाहिला.

मूळची ही येवल्याची अंबा. जन्म १८ एप्रिल १९१६ चा. मूकपटांच्या जमान्यात, परकऱ्या वयातच ती पडद्यावर आली आणि बघता बघता नायिका झाली. देखणी, धीट, बोलपट आल्यावर स्वतःची गाणी स्वतः म्हणणारी. १९३२ च्या ‘कैलास’च्या निर्मितीतही तिचा हात होता; म्हणजे वयाची अठरा वर्षेही पुरी झाली नव्हती. मास्टर विनायकांच्या १९४१ च्या ‘अमृत’मध्ये तिचे काम गाजले. कथा वि. स. खांडेकरांची, म्हणजे आपल्या सांगलीकडच्याच माणसाची. सगळे कसे मनासारखे चालले होते.

१९४२ साली ‘जंग-ए-आझादी’चे चित्रीकरण चालू असताना एका प्रसंगात भगवानदादांना त्यांच्या थोबाडीत मारायची होती. हात जरा जास्तच जोरात बसला. मुद्दाम कुणी केले नव्हते. पण चेहऱ्याला लकवा झाला, डाव्या डोळ्याची नस दुखावली. उपचार दीर्घकाळ चालले, तरी तो डोळा बारीक झाला तो कायमचाच. सव्वीस वर्षांची नायिका, आणि नायिकेचे काम संपले.

ती थप्पड म्हणजे इष्टापत्तीच ठरली, असे पुष्कळजण कौतुकाने सांगतात. मला ते पटत नाही. ऐन उमेदीची वर्षे गेली, ती गेलीच. मूकपटांपैकी बहुतेक नष्ट झाले, त्यामुळे तो पहिला चेहराही आपल्या पिढीने जवळजवळ पाहिलेला नाही. डोळ्याने त्यांना भूमिका दिल्या असतील. त्या निभावण्याची ताकद मात्र लहानपणापासून कॅमेऱ्यापुढे राबून त्यांनीच मिळवलेली होती.

१९४४ साली प्रभातचा ‘रामशास्त्री’ आला. रामशास्त्री प्रभुणे हे आपल्या साताऱ्याजवळच्या माहुलीचे. त्यात ‘ध’चा ‘मा’ करणारी आनंदीबाई ललिताबाईंनी उभी केली. लपवायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी डोळा लपवला नाही. उलट तोच पुढे कामाला लावला. तो किंचित आणखी मिटला, की पडद्यावरच्या सुनेला घाम फुटायचा आणि थिएटरातल्या बायका बोटे मोडायच्या. १९५० च्या शांतारामबापूंच्या ‘दहेज’मधली सासू तर घराघरांत शिरली. ‘जंगली’ आला १९६१ मध्ये. त्यात त्या शम्मी कपूरच्या आई झाल्या. दोघांच्या वयात अंतर जेमतेम पंधरा वर्षांचे.

आणि ‘अनाडी’ची मिसेस डिसा! भाड्यासाठी राज कपूरवर खेकसणारी आणि पाठ फिरताच त्याच्यासाठी जीव टाकणारी घरमालकीण. डोळा तोच, पण त्यातून माया पाझरते. त्या कामाला फिल्मफेअर पारितोषिक मिळाले, १९६१ मध्ये संगीत नाटक अकादमीचाही सन्मान झाला. तरी लोकांनी सासूच लक्षात ठेवली, हे मला अजून खटकते. सत्तरी ओलांडल्यावर, १९८७ च्या ‘रामायण’ मालिकेत, त्यांच्या वाट्याला आली ती मंथरा. दर रविवारी सकाळी टीव्हीसमोर दाटीवाटीने बसून आम्ही तिला मनसोक्त शिव्या घातल्या. २४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्यात त्या गेल्या.

त्या दुपारी ‘अनाडी’ संपल्यावर मी चहा टाकला आणि बऱ्याच दिवसांनी आरशासमोर उभी राहिले. त्यांचा डोळा पुरता उघडत नव्हता, माझा पुरता मिटत नव्हता. रजा संपायच्या आतच मी शाळेत गेले. पहिल्या तासाला मुले थोडी कुजबुजली, आणि मग फळ्यावरचे गणित उतरवून घेऊ लागली.