बाबासाहेबांचे दुखरे पाय

संविधानाचा मसुदा तयार होत असताना बाबासाहेबांना मधुमेहाने घेरले होते. पायांच्या नसांतील वेदनांनी रात्रीची झोप उडे. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह केला. माईसाहेबांनी त्यांचे पथ्यपाणी, औषधोपचार सांभाळले. पुढे नजर अधू झाली, चालताना आधार लागू लागला. तरीही १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखोंना दिली. ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

वाढलेली साखर बारीक रक्तवाहिन्या आणि नसा त्रास जाणवण्याआधीच पोखरू लागते. टाइप वन मधुमेह तर कोवळ्या वयातही गाठतो. तरुण मित्रांनो, येत्या अभिवादन कार्यक्रमात रक्तदानासोबत साखर, डोळे आणि पायांची तपासणीही ठेवा.