रॉबर्ट बॉश: सूक्ष्म कामाचा उपासक

मोटारगाडी रस्त्याने धावू लागली म्हणजे पाहणाराचे लक्ष तिच्या रंगाकडे, वेगाकडे, किंवा फार तर तिच्या भोंग्याकडे जाते. परंतु तिच्या इंजिनात, डोळ्यांआड, धातूचा एक लहानसा अवयव अविश्रांत काम करीत असतो, आणि त्यात कसर शिरली की गाडीची सगळी ऐट लयास जाते. ह्या अवयवास इंजेक्टर म्हणतात. इंधनाचा मोजका अंश नेमक्या क्षणी धुक्यासारखा बारीक करून इंजिनात सोडावयाचा, एवढेच त्याचे काम. हे काम हजारो गाड्यांत बिनचूक होऊ शकते असे ज्यांच्या कारखान्याने करून दाखविले, त्या रॉबर्ट बॉश ह्यांचे चरित्र विद्यार्थ्यांस व त्यांच्या वडीलधाऱ्यांस सारखेच मननीय वाटेल.

बॉश ह्यांचा जन्म २३ सप्टेंबर १८६१ रोजी दक्षिण जर्मनीत, उल्म शहराजवळील आल्बेक नावाच्या खेड्यात झाला. बारा भावंडांत रॉबर्ट अकरावा. वडील शेती करीत आणि गावातील एका सराईचे मालक होते. घर सुस्थितीतले होते, तरी मुलाने आपल्या हातांनी कमवावे अशी त्या घरची रीत होती. १८७६ साली रॉबर्टला उल्म येथील एका कारागिराकडे सूक्ष्म यंत्रकाम शिकण्यासाठी उमेदवार म्हणून ठेवण्यात आले. दुर्दैवाने त्या गुरूस शिकविण्याची आस्था नव्हती. तीन वर्षे गेली, पण विद्या अशी थोडीच पदरात पडली. ही खंत रॉबर्टच्या मनात कायमची राहिली. मात्र ती कटुतेच्या रूपाने राहिली नाही. आपल्या हाताखाली येणाऱ्या मुलाच्या वाट्यास असे येऊ नये, ह्या निश्चयाच्या रूपाने ती राहिली, हे पुढे दिसेलच.

उमेदवारी संपल्यावर हा तरुण ठिकठिकाणच्या कारखान्यांत राबला. मध्यंतरी स्टुटगार्ट येथील तांत्रिक महाविद्यालयात त्याने काही काळ व्याख्याने ऐकली आणि आपल्या ज्ञानातील उणिवा भरून काढल्या. १८८४ साली तो अमेरिकेस गेला व न्यूयॉर्क येथे एडिसनच्या कारखान्यात नोकरीस राहिला. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये येऊन त्याने सीमेन्स बंधूंच्या कारखान्यात काम केले. देशोदेशी हिंडून त्याने द्रव्य फारसे जोडले नाही. परंतु चांगले काम कशास म्हणावे व सुमार काम कशास म्हणावे, ह्याची पारख मात्र त्याने जोडली.

१५ नोव्हेंबर १८८६ रोजी बॉश ह्यांनी स्टुटगार्ट येथे स्वतःचे दुकान थाटले. मदतीस एक कारागीर आणि एक पोऱ्या, एवढाच परिवार. टेलिफोन व विजेच्या घंटा बसवाव्या, मिळेल ते दुरुस्तीचे काम करावे, असा क्रम चालला. पहिली कित्येक वर्षे ओढाताणीची गेली. १८८७ साली एका गिऱ्हाईकाच्या मागणीवरून त्यांनी इंजिनासाठी मॅग्नेटो तयार केला. मॅग्नेटो म्हणजे चुंबकाच्या साहाय्याने ठिणगी निर्माण करून इंजिनातील वायू पेटविणारे यंत्र. ते आधी एकाच जागी उभ्या असणाऱ्या इंजिनांस लावीत. १८९७ साली ते एका तीनचाकी मोटारीस बसविण्यात यश आले, आणि १९०२ साली त्यांचे सहकारी गॉटलोब होनोल्ड ह्यांनी उच्च दाबाच्या विजेचा मॅग्नेटो व त्यास जोडलेला स्पार्क प्लग सिद्ध केला. मग बॉश हे नाव जगभर पसरण्यास वेळ लागला नाही.

एवढे यश मिळूनही ह्या गृहस्थाचा स्वभाव पालटला नाही. कचेरीत फिरताना जमिनीवर पडलेली कागदाची टाचणी दिसली, की ते ती दाखवून ही काय आहे असे विचारीत; आणि उत्तर मिळाले, की ती टाचणी नसून आपला पैसा वाया गेलेला आहे हे समजावून सांगत, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे. तथापि ते कृपण नव्हते. १९०६ साली त्यांनी आपल्या कारखान्यात आठ तासांचा दिवस सुरू केला, आणि तोही अशा काळी की इतरत्र कामगार त्याहून पुष्कळ अधिक तास राबत असत. १९१३ साली त्यांनी उमेदवारांसाठी शिक्षणाची स्वतंत्र कर्मशाळा काढली. उल्म येथील त्या तीन निष्फळ वर्षांचे ऋण त्यांनी असे फेडले. गिऱ्हाइकाचा विश्वास गमावण्यापेक्षा पैसा गमावलेला बरा, हे त्यांच्या व्यापाराचे सूत्र होते.

ह्या सूत्राची खरी कसोटी इंधनाच्या पंपाने पाहिली. रुडोल्फ डिझेल ह्यांच्या इंजिनाची यशस्वी परीक्षा १८९७ साली झाली होती. त्या इंजिनात ठिणगी लागत नाही. हवा अतिशय दाबल्याने तापते आणि तीत सोडलेले तेल आपोआप पेट घेते. परंतु ते तेल आत ढकलण्यासाठी दाबलेल्या हवेचे निराळे यंत्र लागे. ते इतके जड व अवजड असे, की जहाजास किंवा कारखान्यास हे इंजिन शोभे, मोटारीस नव्हे. १९२२ साल संपता संपता बॉश ह्यांनी केवळ पंपाच्या जोरावर तेल फवारण्याची योजना हाती घेण्याचे ठरविले. अडचण अशी की पंपातील दट्ट्या आणि त्याचे सिलिंडर ह्यांमधील फट मिलिमीटरच्या केवळ काही सहस्रांशांएवढी असली पाहिजे. ती किंचित वाढली तर तेल मागे गळते. किंचित कमी झाली तर दट्ट्या अडकतो. आराखड्यामागून आराखडे झाले व टाकले गेले. अखेर १९२७ सालच्या नोव्हेंबरात नियमित उत्पादनातील पहिले पंप कारखान्याबाहेर पडले. प्रथम मालवाहू गाड्यांस आणि मग १९३६ साली मर्सिडीजच्या प्रवासी मोटारीस डिझेल इंजिन लाभले, ते ह्या पाच वर्षांच्या चिकाटीमुळे. बॉश ह्यांच्या पश्चात, १९६७ साली, त्यांच्याच कंपनीने पेट्रोलच्या गाड्यांसाठी विजेच्या संकेतांवर चालणारे इंजेक्टर बाजारात आणले.

येथे गाडी बाळगणाऱ्या पालकांस चार शब्द सांगणे अस्थानी होणार नाही. इंजेक्टरची छिद्रे मिलिमीटरच्या अंशाएवढी असतात. तापलेले इंजिन बंद केले म्हणजे टोकाशी राहिलेले इंधन वाळून त्याचा चिकट थर तेथे बसतो. मग फवारा विस्कटतो, गाडी जागच्या जागी थरथरते, इंधन जास्त लागते, डिझेलची गाडी काळा धूर ओकते. अशा वेळी घरच्या घरी करण्याजोगे उपाय साधे आहेत: इंधन भरवशाच्या ठिकाणी भरावे, इंधनाची गाळणी वेळच्या वेळी बदलावी, आणि बाटलीवर छापलेल्या प्रमाणातच इंजेक्टर साफ करणारे द्रव टाकीत ओतावे. एवढ्याने भागले नाही, तर इंजेक्टर काढून माहितगार कारखान्यात धुऊन व फवारा तपासून घ्यावा. तार किंवा सुई घेऊन छिद्र टोकरण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा, कारण छिद्र केसभर जरी रुंदावले तरी फवारा कायमचा बिघडतो. आधुनिक डिझेल गाडीत इंधनाचा दाब हवेच्या दाबाच्या दोन हजार पटींपर्यंत चढतो. असा फवारा कातडी भेदून आत शिरतो, म्हणून चालू इंजिनाच्या नळ्या कोणी सैल करू नयेत. पेट्रोलची वाफ भडकते, ह्याचाही विसर पडू नये. बॉश ह्यांस जो शत्रू पाच वर्षे छळीत होता, तोच शत्रू येथेही आहे, आणि तो म्हणजे अंदाजाने काम उरकण्याची वृत्ती.

ह्या चरित्रास एक काळी बाजूही आहे व ती झाकून ठेवणे योग्य नव्हे. पहिल्या महायुद्धात कारखान्यास जो नफा झाला त्याचा मोठा भाग बॉश ह्यांनी लोककार्यास दिला. परंतु हिटलरच्या राजवटीत त्याच कारखान्याने युद्धसाहित्य बनविले, आणि दुसऱ्या महायुद्धात सक्तीने आणलेल्या मजुरांकडून तेथे काम करवून घेतले गेले. दुसऱ्या बाजूस, बॉश व त्यांचे निकटचे सहकारी ह्यांनी छळ सोसणाऱ्या ज्यू लोकांस साहाय्य केले, आणि हिटलरचे विरोधक कार्ल गेर्डेलर ह्यांस सल्लागार नेमून आधार दिला. यंत्रात सहस्रांशाची कसर न खपविणाऱ्या पुरुषासही आपल्या नावाने चाललेला कारखाना अन्यायापासून अलिप्त ठेवता आला नाही. यंत्र निर्दोष करणे कठीण, परंतु माणसाचा कारभार निर्दोष ठेवणे त्याहून कठीण, हाच ह्यातून घ्यावयाचा धडा होय.

१९४० साली स्टुटगार्ट येथे त्यांच्या देणगीतून उभारलेले रुग्णालय सुरू झाले, आणि १२ मार्च १९४२ रोजी वयाच्या ८१ व्या वर्षी बॉश कालवश झाले. १९६४ सालापासून त्यांच्या कंपनीची बहुतांश मालकी एका लोककल्याणकारी संस्थेकडे आहे. आपल्या देशात १९५१ साली बंगळूर येथे मायको ह्या नावाने त्यांच्या कंपनीची शाखा स्थापन झाली, आणि पुढे आपल्या नाशिक येथेही तिचा कारखाना निघाला. तेथे नोझल व इंजेक्टरच तयार होतात. आल्बेकच्या सराईतील मुलाने आरंभिलेले काम गोदाकाठच्या कारागिरांच्या हातून चालू आहे, ही आपणांस अभिमानाचीच गोष्ट होय.

विद्यार्थिमित्रहो, शाळेत विशेष न चमकलेला आणि गुरूकडूनही उपेक्षा पदरी आलेला एक मुलगा एवढ्या पदास पोहोचला, तो बुद्धीच्या चमत्काराने नव्हे. आज आपल्या हाती असलेले काम, मग ते भूमितीची आकृती असो, सुताराचा सांधा असो, की गाडीची गाळणी बदलणे असो, चालवून न घेता नीट करावयाचे, एवढा एकच नेम त्याने आमरण पाळला. कोणाच्याही दृष्टीस न पडणाऱ्या छिद्राएवढ्या जागेतही जो कसर ठेवीत नाही, त्याच्यावर जग डोळे मिटून विश्वास टाकते.