पाणिनीने आखलेली शीव

आमच्या जुन्नर-आंबेगावात नुसते ‘पाटील’ म्हटले तर कोणते, हे तुम्ही कुठे उभे आहात त्यावर ठरते. ओतूरच्या पारावर एक, घोडेगावच्या पारावर दुसरे. गावाची शीव ओलांडली, की तेच नाव निराळ्या माणसाचे होते.

काम कसे करायचे हे न सांगता, काय खरे आहे एवढेच नियमांनी संगणकाला सांगायचे, अशी प्रोलॉग नावाची भाषा १९७२ च्या सुमारास फ्रान्समध्ये जन्मली. ती मी इथल्या मुलांना शिकवतो आणि गाडी नेमकी या शिवेवरच अडते. एका नियमातल्या ‘क्ष’चा दुसऱ्या नियमातल्या ‘क्ष’शी काही संबंध नाही, तोच नियम पुन्हा लावला तरी ‘क्ष’ नवा. हे आपल्या डोक्याचे काम नव्हे, असे म्हणून दरवर्षी दोन-तीन मुले विषय सोडायला निघतात. तेव्हा मी पाणिनीची गोष्ट काढतो.

हा माणूस शलातुरचा. ते ठिकाण आज पाकिस्तानात आहे. काळ अंदाजे इसवी सनापूर्वीचे पाचवे-चौथे शतक. आईचे नाव दाक्षी, हे पतंजलीमुळे कळते. बाकी साऱ्या दंतकथा. कथासरित्सागरात तो वर्ष नावाच्या गुरूचा मठ्ठ शिष्य आहे. हिमालयात तप करून तो शंकराकडून व्याकरण मिळवतो. पंचतंत्र सांगते, त्याला सिंहाने मारले. मागच्या बाकावरच्यांना पहिली कथा फार आवडते.

खरी हकिकत त्याच्या अष्टाध्यायीत आहे. आठ अध्याय, सुमारे ४००० सूत्रे. त्याने शब्दांची यादी करत न बसता नियम सांगितले. नी, श्रु, कृ या धातूंपासून नेता, श्रोता, कर्ता होतात ते एकाच नियमाने: स्वराला ‘गुण’ होतो. सूत्र एकच, पण प्रत्येक धातूपाशी ते नव्याने उभे राहते. हा गुण परीक्षेतला नव्हे, पत्रिकेतल्या ३६ पैकीही नव्हे. अष्टाध्यायीच्या शिवेत गुण म्हणजे अ, ए, ओ हे तीन स्वर, बस्स! काही सूत्रांचा अंमल ठराविक जागेपर्यंतच चालतो. त्यांना अधिकारसूत्रे म्हणतात. वरच्या सूत्रातला शब्द खालच्यात न उच्चारताही धरायचा, ही अनुवृत्ती. आणि शेवटच्या तीन पादांत जे घडते, ते आधीच्या सूत्रांना दिसतच नाही! इथे मुले माना वर करतात.

संस्कृत हीच संगणकाची भाषा, असे छातीठोक सांगणारे भेटतात. पाणिनीला असल्या वकिलीची गरज नाही. त्याला बोलती भाषा नियमांत बसवायची होती आणि ते नियम पाठ होतील इतके आटोपशीर ठेवायचे होते. मात्र संगणकाच्या भाषांचे व्याकरण लिहिण्याची बॅकस यांची पद्धत रूढ झाल्यावर, १९६७ साली इंगरमन नावाच्या अभ्यासकाने तिला पाणिनीचेही नाव जोडावे असे सुचवले, हे मी मुलांना जरूर सांगतो.

सातव्या शतकात चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग शलातुरला गेला, तेव्हा तिथे पाणिनीचा पुतळा उभा होता आणि गावची मुले त्याला मानत होती.